धर्मोपदेशक वगळून बाबा पदमनजी?

बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर फर्डिनांड किटेल यांचा पुतळा आहे. १८३२ मध्ये जर्मनीत जन्मलेले किटेल १८५३ मध्ये बासेल मिशनचे धर्मोपदेशक म्हणून ह्या देशात आले आणि १८९४ मध्ये त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. त्याच शहरात, अव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत, राइस मेमोरियल चर्च उभे आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते बेंजामिन राइस लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने १८३७ मध्ये बंगळुरूस आले आणि १८८७ मध्ये तेथेच वारले. कन्नड बायबलच्या संशोधित भाषांतराला त्यांचा हात लागलेला आहे. त्यांचे एक पुत्र बी. लुईस राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांतून म्हैसूर संस्थानातील हजारो कोरीव लेख उजेडात आणले, दुसरे पुत्र ई. पी. राइस यांनी कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिला. कन्नड भाषकांनी हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. किटेल यांनी १८६२ मध्ये ‘कथामाले’ ह्या काव्यात येशूचे चरित्र गायिले होते, हे मात्र पुतळ्यापुढून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कोशकार लक्षात राहिला, उपदेशक मागे पडला. परकीय माणसाच्या बाबतीत ही विभागणी फारशी कोणाला खटकत नाही. तो दुरून आला, त्याने आपल्या भाषेची सेवा केली. त्याच्या धर्माकडे सौजन्याने काणाडोळा करता येतो.

धर्मोपदेशक आपल्यातलाच असला म्हणजे हे सौजन्य कोठे जाते, हे पाहण्यासाठी बंगळुरूहून बेळगावला यावे लागते. राइस ज्या लंडन मिशनरी सोसायटीचे होते तिचेच एक ठाणे बेळगावात होते आणि तिच्याच शाळेत बाबा पदमनजी शिकले. जन्म १८३१ चा, म्हणजे किटेल यांच्याहून एका वर्षाने वडील. जात त्वष्टा कासार. पुढचे शिक्षण मुंबईस, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या विद्यालयात. किटेल हिंदुस्थानात उतरल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, पदमनजींनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. त्यांनीही कोशकार्य केले, तेही पुष्कळ. आणि सुमारे शंभर लहानमोठी पुस्तके लिहिली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना दिलेली जागा मात्र बहुधा एका वाक्याची आहे: ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी होय. परीक्षेच्या पुस्तकांतून हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहे. त्याच्या मागे उभा असलेला माणूस कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशक होता, पुण्याच्या फ्री चर्चचा पाळक होता आणि ही कादंबरी त्याच्या उपदेशकार्याचाच एक भाग होती, ही गोष्ट एकतर अडचणीची म्हणून टाळली जाते, नाहीतर दोष म्हणून नोंदविली जाते.

दोष म्हणून नोंदविणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. ‘प्रचारकी’ हा एक शब्द उच्चारला की त्यांचे काम संपते. ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) काढणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मिशनऱ्यांच्या मराठीची जी टर उडविली तिचा ठसा अभिरुचीवर इतका खोल उमटला, की मिशनच्या छापखान्यातून आलेले ते सारे भाषेने बेढब आणि हेतूने संशयास्पद, असा समज पुढे न तपासता चालत राहिला. वस्तुतः पदमनजींचे गद्य ज्याने मोकळ्या मनाने वाचले आहे त्याला ते परदेशी मिशनऱ्याचे मराठी वाटणार नाही. ते घरातल्या, माजघरातल्या बोलण्याच्या जवळचे आहे. शास्त्रीबुवांच्या पल्लेदार वाक्यांचा हव्यास त्यात नाही, आणि हे उणेपण मानायचे की कसे, ते ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा पक्ष पुनर्वसन करणाऱ्यांचा. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) अशा तीन प्रवृत्ती मानल्या आणि वास्तवाभिमुख प्रवृत्तीचे मूळ पदमनजींत दाखविले. ह्या मांडणीने फार मोठे काम केले, यात शंका नाही. हलब्यांच्या अद्भुतरम्य कथेला पहिलेपणाचा जो मान दिला जाई तो त्यामुळे निर्णायकपणे हलला. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची समग्र दखल घेतली, तीही ह्याच काळातली. परंतु पुनर्वसनाच्या ह्या उत्साहात एक सौदा होऊन गेला. पदमनजी वास्तववादी म्हणून स्वीकारले गेले, विधवांचे कैवारी म्हणून स्वीकारले गेले. धर्मोपदेश मात्र फळावरच्या सालीसारखा सोलून बाजूला ठेवण्यात आला. जणू वास्तव पाहणारे पदमनजी वेगळे आणि प्रवचन करणारे पदमनजी वेगळे. पहिल्याने कादंबरी लिहिली आणि दुसऱ्याने मधूनमधून येऊन ती बिघडवली. ही समजूत आज सर्वाधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून तिचाच समाचार घेणे अधिक अगत्याचे.

त्यासाठी हा उपदेशक नेमका कोणत्या मताचा होता, हे पाहावे लागते. ‘ख्रिस्ती’ एवढे म्हणून भागत नाही. वसईतील किंवा गोव्यातील कॅथलिक परंपरा वेगळी. पदमनजी ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढले ती जिनीव्हाच्या जॉन कॅल्व्हिनला (१५०९–१५६४) गुरुस्थानी मानणारी. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले ते राज्यसत्तेने आणि जमीनदारांनी पाळकांच्या नेमणुकीत हात घालू नये, ह्या आग्रहातून. मुंबईचे जॉन विल्सन ह्या नव्या चर्चबरोबर गेले. ह्या मताचा गाभा थोडक्यात असा: माणूस पापाने इतका ग्रासलेला आहे, की स्वतःच्या करणीने तो तरू शकत नाही, तारण केवळ ईश्वराच्या कृपेने, व्रत, दान, यात्रा, पुरोहित, पवित्र स्थळ, पवित्र दिवस यांपैकी कशानेही पुण्य साठत नाही, आणि जगात जे घडते ते ईश्वराच्या योजनेबाहेर नाही. अशा मताच्या माणसाला दोन सवयी लागतात. एक, स्वतःच्या अंतःकरणाची सतत झडती घेणे. दुसरी, भोवतालच्या जगातील पावित्र्याचे वलय पुसून ते जसे असेल तसे पाहणे.

ह्या दुसऱ्या सवयीच्या प्रकाशात ‘यमुनापर्यटन’ पुन्हा वाचावी. ख्रिस्ती विचारांकडे ओढा असलेली यमुना आणि तिचा समंजस नवरा विनायक प्रवासाला निघतात, पंढरपुरासारख्या ठिकाणी जातात, वाटेत विधवांच्या कहाण्या पाहतात नि ऐकतात. शीर्षकातला ‘पर्यटन’ हा शब्द मराठी वाचकाला तीर्थाटनाची आठवण देणाराच आहे, आणि लेखकाला ती आठवण हवीच आहे. शेकडो वर्षांच्या मराठी वाङ्मयात पंढरपूर आले आहे. पण ते भूवैकुंठ म्हणून आले आहे. वाळवंट, चंद्रभागा, विटेवरची मूर्ती यांच्या तेजात तेथे राहणाऱ्या बायांची घरे दिसत नसत. पदमनजींच्या लेखी त्या स्थळाला पुण्य देण्याचे सामर्थ्यच उरलेले नाही. म्हणून यमुनेची दृष्टी कळसाकडे न जाता कोनाड्यात बसलेल्या, डोके बोडक्या केलेल्या बाईकडे जाते. क्षेत्राचे क्षेत्रपण नाकारल्यावर तिथे एक गाव दिसू लागते. त्यात भाडेकरू असतात, सासवा असतात, भुकेल्या विधवा असतात. समीक्षक ज्याला वास्तववाद म्हणून गौरवितात तो ह्या नकारातून जन्मला आहे. उपदेश वजा करा, म्हणजे यमुनेला पंढरपुरात पाहण्यासारखे काही उरत नाही. ती इतरांसारखीच दर्शन घेऊन परत येईल.

कादंबरीची बांधणीही ह्याच मुशीतली आहे. तिच्यात एकसंध कथानक नाही, सुटे प्रसंग आहेत, कहाणीमागून कहाणी येते, अशी तक्रार नेहमी होते. तक्रार खरी आहे. परंतु प्रेस्बिटेरियन प्रवचनाची घडण ज्याला माहीत आहे त्याला हा विस्कळीतपणा वाटणार नाही. आधी प्रमेय, मग त्याचा उलगडा, मग एकामागून एक दाखले, शेवटी ऐकणाऱ्याला थेट प्रश्न: तुझे काय? पदमनजींनी ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे कादंबरीचे दुसरे नावच दिले आहे. ‘निरूपण’ हा शब्द कीर्तनकाराचाही आहे. कीर्तनाचे निरूपण आणि चर्चचे प्रवचन यांची ही सांधेजोड मराठी कथनकलेच्या अभ्यासकाला भरपूर खाद्य पुरवील. पण त्यासाठी प्रवचनाला आधी वाङ्मयप्रकार मानावे लागेल. बखर, कीर्तन, आख्यान, निबंध यांना वाङ्मयप्रकार मानणाऱ्या समीक्षेने प्रवचनाच्याच दाराला कडी का लावावी, हे कळत नाही.

काळाचाही विचार हवा. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली. कादंबरी आली १८५७ मध्ये. विनायक मरतो, यमुना विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा विवाह करते. हा शेवट कच्चा आहे, हे निःसंकोच सांगावे. ईश्वरी योजनेवर श्रद्धा असणे वेगळे आणि कथेतली माणसे सोयीने मारणे वा परणविणे वेगळे. पदमनजींच्या हातून इथे पहिल्याच्या नावाखाली दुसरे झाले आहे. शिवाय ज्या मतात तारण माणसाच्या लायकीवर अवलंबून नसते, त्या मताचा लेखक चांगल्या वाचणाऱ्या मुलीला परीक्षेतल्या बक्षिसासारखे तारण देतो, ही धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही तडजोड होय. कादंबरीकार चुकला तो उपदेशक असल्यामुळे नव्हे; उपदेशक म्हणून तो पुरेसा कठोर राहिला नाही म्हणून.

तरीही यमुना जगते, ही गोष्ट उरते. तेहतीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमूच. ही यमूही विधवा होते, तिचे केशवपन होते आणि ती मरते. आपट्यांची कलावंत म्हणून थोरवी वादातीत आहे. पदमनजींची त्यांच्याशी बरोबरी करण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु मराठी वाचकाने ज्या यमूला पोटाशी धरले ती सोसून मेलेली आहे, आणि जी यमुना उठून घराबाहेर पडली, दुसरे लग्न करून बसली, तिला त्याने प्रचार म्हणून बाजूस सारले. ह्या निवडीला केवळ कलामूल्याची निवड म्हणता येईल का? कन्नडात गुलवाडी वेंकटराव यांची ‘इंदिराबाई’ १८९९ मध्ये आली. तिच्यातली विधवाही शिकते आणि पुन्हा संसार मांडते. तिचा कैवार सुधारकी विचारांचा होता, मिशनचा नव्हता, आणि आद्य सामाजिक कादंबरी म्हणून कन्नड वाचकांत ती आदराने वावरते. अडचण पुनर्विवाहाची नसून तो कोणत्या दारातून बाहेर पडून झाला ह्याची आहे, असेच यावरून दिसते.

हीच अडचण नारायण वामन टिळकांच्या बाबतीत आली नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये ते वारले. मराठी कवितेत त्यांचे स्थान निर्विवाद आहे आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी तर ते घर प्रत्येक मराठी घराच्या शेजारी आणून ठेवले. टिळकांचा ख्रिस्त अभंग-ओवीतून आला, तुकोबांचा हात धरून आला. जे आपल्यासारखे दिसले ते आपण आत घेतले. पदमनजींनी सारखेपणा शोधला नाही, भेद दाखविला. भक्तीशी जुळणारे ख्रिस्तीपण गोड आणि सिद्धान्त सांगणारे कडू, असा हा निवाडा आहे. अभिरुची म्हणून तो समजण्याजोगा असेल. वाङ्मयेतिहासाची कसोटी म्हणून तो चालणार नाही.

पदमनजींच्या आयुष्यातच भेद उघड करण्याचा हा हट्ट आहे. मुंबईत ते परमहंस सभेत होते. १८४९ मध्ये निघालेल्या ह्या सभेतले लोक जातिभेद मोडत, पण बंद दारामागे. सहभोजन करीत, पण नावे बाहेर जाऊ नयेत अशी दक्षता घेऊन. ह्या गुप्ततेतून पदमनजी बाहेर पडले आणि बाप्तिस्म्यासाठी त्यांनी निवडले ते जन्मगाव बेळगाव, जिथे प्रत्येक गल्लीत ओळखीचे तोंड होते. कॅल्व्हिनपंथात श्रद्धेची जाहीर कबुली हा धर्माचा भागच आहे. परमहंसांच्या सुधारणेला आपण पुरोगामी म्हणतो आणि ह्या कबुलीला धर्मांतर म्हणून नाके मुरडतो. त्या काळी जातीने आणि आप्तांनी घेतलेली किंमत दोहोंपैकी कोणाकडून अधिक होती, ह्याचा हिशेब मांडायला हरकत नसावी.

स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेण्याची जी पहिली सवय वर सांगितली तिचे फळ म्हणजे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत ते मोडते. बेळगावातले बालपण, घरातली व्रते, सण, पूजाअर्चा ह्यांची त्यातली वर्णने इतकी बारकाईची आहेत, की ज्या धर्माचा लेखकाने त्याग केला त्याचीच ती एक मोलाची नोंद ठरते. ह्याचे इंग्रजी रूप मरे मिचेल यांच्या संपादनाखाली १८९० मध्ये निघाले. त्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो: एकेकाळी हिंदू, आता ख्रिस्ती. परदेशी वाचकाला दोन बाजूंचे नाणे हवे होते, ते त्याला दिले गेले. मराठी नाव मात्र पहाटेचे आहे. अंधार आणि उजेड यांच्यामधला काळ, ज्यात वस्तूंचे आकार हळूहळू कळू लागतात, तोच ह्या पुस्तकाचा विषय आहे. शंका, माघार, पुन्हा शंका, वडिलधाऱ्यांविषयीची ओढ, भीती. मिशनच्या अहवालातले धर्मांतर एका तारखेत मावते. पदमनजींच्या पुस्तकातले मावत नाही. मिशनचा बोलका पोपट म्हणून त्यांची संभावना करणाऱ्यांनी ही दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत.

त्यांच्या बाजूने बोलताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. हिंदू धर्मावरील त्यांच्या टीकेत अनेकदा न्यायापेक्षा निकाल देण्याची घाई दिसते. वारकऱ्याच्या भक्तीत कृपेचा जो अनुभव आहे तो त्यांच्या मताच्या किती जवळचा आहे, हे त्यांना दिसायला हवे होते. ते दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी लिहिले नाही. इंग्रजी राज्याकडे ते ईश्वरी योजना म्हणून पाहत, आणि राज्यसत्तेपासून चर्च मोकळे असावे म्हणून फुटून निघालेल्या परंपरेच्या माणसाने परक्या सत्तेविषयी इतके निःशंक असावे, ही विसंगती आहे. हे आक्षेप घ्यावेत, जोरात घ्यावेत. पण ते त्यांच्या सिद्धान्ताशी भिडून घ्यावेत. ‘प्रचारकी’ म्हणून मिटविलेल्या पुस्तकाशी कोणाचाच वाद होऊ शकत नाही. चर्चमधील मंडळींनीही ह्यात काही कमी केलेले नाही: तिकडे ते आदरणीय पूर्वज झाले, आणि आदरणीय पूर्वजाची पुस्तके उघडावी लागत नाहीत.

पाळकपद सोडल्यावरही त्यांची लेखणी थांबली नाही; नव्या करारावरील मराठी टीका, ट्रॅक्ट सोसायटीसाठीची पुस्तके, संपादने असे काम चालू राहिले. १९०६ मध्ये ते वारले. वंगभंगाच्या चळवळीने महाराष्ट्र तापलेला होता, आणि इंग्रजी राज्यात ईश्वराचा हात पाहणाऱ्या वृद्ध उपदेशकाचे ऐकण्याचा तो काळ नव्हता. त्यांच्या प्रवचनपर लेखनाची समग्र, चिकित्सक आवृत्ती मराठीत व्हावयास हवी. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ‘यमुनापर्यटन’ नेमली जाते तेव्हा तिच्यासोबत ‘अरुणोदय’ आणि नव्या करारावरील टीकेची काही पाने नेमली, तर विद्यार्थ्यांना एकाच हाताची तीन अक्षरवळणे दिसतील. चौथे वळण तर त्यांच्यापैकी अनेकांच्या टेबलावर आधीच असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा १८६३ मध्ये निघालेला आणि पुढे पुनःपुन्हा छापला गेलेला आटोपशीर संक्षेप बाबा पदमनजींनी केलेला आहे. शब्द अडला की आजही तो उघडला जातो.